बशीतली बाळं

खारेपाटणच्या एसटीत तुळसाकाकींचा सोमवारचा जप मध्येच थांबला. पुढच्या बाकावरच्या खतिजानानींना कमी ऐकू येई, म्हणून नात आलिमा इतक्या मोठ्याने बोलत होती की सगळी एसटी ऐकत होती.

"नानी, आमच्या लॅबमधून फोन इलो! तीनदा पेशी मेल्यो, ही शेवटची खेप होती. जगल्यो गो!"

"खंयच्यो पेशी?"

"कानाच्या आतल्यो, मूळ पेशी. त्यांच्यातली ऐकूची जनुकां जागी झाली. आता त्यांची नस होतली!"

"मगे माका ऐकाक येतला?"

"इतक्यात नाय. अजून काचेच्या बशीतच आसत."

"म्हणजे नवी जल्मलेली बाळां! शाहनवाजमामाक सांग, जल्मल्या बाळाच्या कानात देतत तशी त्यांच्या कानात अजान दी म्हणान."

"नानी, त्यांका कान खंय? आणि अजून ऐकाकय येणा नाय."

"माका तरी खंय येता? तरी तू सांगतंसच मा!"