शास्त्रपाठ

बायकोला ‘दोरा आणायला जातो’ असं सांगून शिंपी डोळ्यांच्या दवाखान्यात येऊन बसला होता. समोरच्या बाकावर दोन जावा होत्या. थोरलीने औषध घातलेले डोळे मिटले होते.

“रविवारी चर्चमध्ये वाचताना मी पवित्र शास्त्र उलटं धरलं होतं, होय ना गं?”

“कुणाच्या लक्षात नाही आलं, ताई.”

“माइक सरळ करायचं निमित्त काढून तू ते फिरवलंस. माझ्या बोटांना कळलं.”

“पाठ करून म्हणता तुम्ही. कधीपासून?”

“वर्ष झालं. दिसत नाही म्हटलं असतं, तर पाळकांनी वाचन तुला दिलं असतं.”

“म्हणून वर्षभर माझ्याशी धड बोलला नाहीत?”

“रविवारी पाठ कशावर होता? प्रीतीवर! एकदाही अडखळले नाही बघ मी.”

“ताई, रडू नका. औषध वाहून जाईल.”

“येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगते, मला दिसत नाही. तू वाच.”

“मला नाही बाई जमायचं. ती मोठी मोठी नावं आली की माझी बोबडी वळते.”

“मग शेजारी उभी राहीन. अडलीस की हळूच सांगेन.”

नर्स शिंप्याजवळ आली.

“औषध घातलं की दोन तास धूसर दिसेल, काका. सोबत कुणी आहे?”

शिंप्याने खिशातला फोन काढून तिच्यापुढे धरला.

“बायकोला लावून देता का? मला आकडे दिसत नाहीत.”