जागा नाही, घरी जा

...आणि वर मलाच विचारतात! मलाच! आशान विचारतात, वक्कच्चन विचारतो, चर्चच्या पायरीवर काजू विकणारी बाई, जिला मोबाईल म्हणजे गाणी ऐकायचं यंत्र एवढंच माहीत, तीसुद्धा विचारते, "काय रे टोजो, दोन सेकंद थांबायला काय झालं होतं?" अहो, मी थांबलो नाही असं नाही, माझं अ‍ॅप थांबलं नाही! पण हे कुणाला सांगायचं? गावात माझं अ‍ॅप म्हणजे मीच. त्याने शेण खाल्लं की वास माझ्या तोंडाला!

तुम्हाला सांगतो, मला कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. मी कोचीत अकराव्या मजल्यावर गार हवेत बसून सुखाने पगार खात होतो. पण गेल्या वर्षी आमच्या गावच्या शर्यतीच्या नावेवरून भांडणं झाली. लांबलचक नाव, माणसं पंचाऐंशी, आणि वल्ही मारायला हौशी दीडशे! याला घेतलं, त्याला का नाही, हा आशानचा भाचा, तो व्याह्यांचा पाहुणा... शर्यत राहिली बाजूला, धक्क्यावर वल्ह्यांनी मारामारी! म्हणून मंडळाची सभा भरली. कुट्टप्पन आशान, म्हणजे नावेचे गुरुजी, चाळीस वर्षं यादी डोक्यात ठेवणारा माणूस, उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा यादी मी करणार नाही. चाक्कोचा टोजो कोचीत अ‍ॅपं करतो ना? करू दे. ज्याचं नाव यंत्रात, तो नावेत. ज्याचं नाही, तो घरी. देवाने सांगितलं तरी बदल नाही!" टाळ्या! माझे अप्पच्चन, म्हणजे वडील, मागच्या बाकावर बसले होते, तेही हसले. आमचे अप्पच्चन हसले म्हणजे बघा, वर्षातली घटना आहे ती.

आता अ‍ॅपमध्ये असं काय मोठं आहे? काही नाही हो! माणसाने फोनवर स्वतःचं नाव दाबायचं. फोनने वर क्लाउडमध्ये विचारायचं, "बाबा रे, हा वक्कच्चन तुझ्या यादीत आहे का?" असला तर गप्प बसायचं, नसला तर घालायचा. पंचाऐंशी झाले की दार बंद. एवढंच! मी कंपनीत बसून शंभर वेळा तपासलं. विचारलं की उत्तर हजर. डोळ्याचं पातं लवायच्या आत! आमच्या श्रीलेखा मॅडम, ज्यांना माझ्या कामात चूक सापडली नाही तर जेवण जात नाही, त्यासुद्धा म्हणाल्या, "टोजो, बरं चाललंय की!" आणि दार बंद झाल्यावर काय दाखवायचं, ते मी त्या वेळी गंमत म्हणून लिहून टाकलं होतं. आम्ही सगळेच लिहितो हो असं! तपासायला काहीतरी लागतं, मागाहून बदलायचं असतं. मी लिहिलं, "जागा नाही. घरी जा." मॅडम हसल्या, मी हसलो, आणि बदलायचं राहून गेलं.

हे लक्षात ठेवा बरं का. मी नाही ठेवलं.

रविवारी मिस्सा संपली आणि चर्चच्या अंगणात नावनोंदणी सुरू. आता आमचं गाव कसं, चहूकडे पाणी, मधे भातशेती, तीही पाण्याच्या पातळीखाली, आणि अख्ख्या पंचक्रोशीत मोबाईलचा टॉवर एक! तोही कलता. तिथे फोनने विचारलं, "वक्कच्चन आहे का?" प्रश्न निघाला, पाण्यावरनं हेलकावे खात टॉवरपर्यंत गेला, तिथनं वर, वरनं उत्तर निघालं... आणि माझं अ‍ॅप? माझ्या अ‍ॅपला दम कुठे? म्हणजे असं बघा, तुम्ही शेजारणीच्या दारात उभं राहून हाक मारलीत, "साखर आहे का हो?" ती बिचारी चुलीपाशी बसलेली, गुडघ्यावर हात ठेवून उठतेय, आणि तेवढ्यात तुम्ही "नाही वाटतं!" म्हणून दुकानाकडे चालू लागलात! अगदी तसंच. उत्तर आलं नाही म्हणजे नाही, असं धरून अ‍ॅपने वक्कच्चनला यादीत घातलं. वक्कच्चनला वाटलं, काहीच झालं नाही. त्याने परत दाबलं. परत तेच. वक्कच्चनचं बोट म्हणजे नारळ फोडायचं हत्यार, एकदा चालू झालं की थांबतंय होय!

मला काय पत्ता? मी आंब्याखाली पोरासोरांच्या शाबासक्या घेत उभा. पंचवीस मिनिटांत यादी फुल्ल! मी आशानना म्हटलं, "बघितलंत? पंचवीस मिनिटं, भांडण नाही, तंटा नाही!" आशान म्हणाले, "शाबास रे, चाक्कोच्या पोरा!"

सोमवारी पहाटे पहिला सराव. धक्क्यावर माणसं किती? एकोणतीस! आशान म्हणाले, "बाकीचे झोपले काय रे? वाच बघू नावं." मी फोन काढला आणि ऐटीत वाचायला लागलो. "वक्कच्चन!" "हजर!" "वक्कच्चन!" "अरे, हजर म्हटलं ना!" "वक्कच्चन..." आता माझा आवाज जरा बसला. "वक्कच्चन..." माणसं हसायला लागली. अकरा! अकरा वेळा वक्कच्चन! बाकीच्यांतला कुणी दोनदा, कुणी पाचदा! वक्कच्चन कमरेवर हात ठेवून म्हणतो, "अकरा ठिकाणी मी बसू? मग बाकीच्यांनी काय किनाऱ्यावरनं शिट्ट्या मारायच्या?" आणि आशान, ज्यांनी आदल्या दिवशी शाबास म्हटलं तेच आशान, सगळ्यांदेखत म्हणाले, "टोजो, अरे उत्तर येईपर्यंत दोन सेकंद थांबायला काय झालं होतं?"

बरं, चूक झाली. झाली ना? मी नाकारतोय का? रजा टाकली आठवड्याची, घरी बसलो आणि मंगळवारी दुपारपर्यंत सगळं सुधारलं. आता विचारलं की अ‍ॅप थांबतं. पडद्यावर चाक फिरतं, खाली अक्षरं येतात, "थांबा, बघतोय." उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही, मग पाच सेकंद लागोत नाहीतर पाच मिनिटं! जास्तीचे वक्कच्चन पुसले, जे जे माघारी गेल्याचं कानावर आलं त्यांना निरोप धाडले, बुधवारी सकाळी यादी बघितली तर चौऱ्याऐंशी. खरेखुरे, वेगवेगळे, आपापल्या आईचे चौऱ्याऐंशी! म्हटलं, सुटलो बुवा.

आशाननी यादी ऐकली. शेवटपर्यंत ऐकली. मग सुपारी चघळत म्हणाले, "आणि चाक्को?"

माझे अप्पच्चन! एक्केचाळीस वर्षं त्या नावेच्या मागच्या टोकावर उभे राहून सुकाणूचं वल्हं धरणारा माणूस. त्यांचं नाव नाही! मी म्हटलं, "आशान, तुम्हाला खटकलं नाही? तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"विचारायचं काय त्यात? त्याने नाव दिलं नाही म्हणजे त्याला यायचं नाही. त्रेसष्ट झालं वय. माणसाचं न विचारता कळतं रे."

न विचारता कळतं! मी अ‍ॅप सुधारलं, आता आशानना कोण सुधारणार? आणि त्यांना बोलायला मला तरी तोंड कुठे होतं? घरात तीन दिवस मी अप्पच्चनांच्या समोर बसून जेवत होतो. मला काही कळलं? आता तुम्ही म्हणाल, कसा मुलगा आहे! अहो, पण आमचे अप्पच्चन मुळात दिवसाला सात शब्द बोलतात. "ऊठ", "जेव", "बदकं सोडली", असे. त्यातले दोन कमी झाले तर कुणाला पत्ता लागणार? मला वाटलं, मासा खारट झालाय.

घरी येऊन अम्मच्चीला, म्हणजे आईला, विचारलं. ती टॅपिओका सोलत होती. सुरी खाली ठेवली आणि असं बघितलं माझ्याकडे... तुम्हाला सांगतो, श्रीलेखा मॅडम परवडल्या. म्हणाली, "रविवारी बदकांना दाणा घालून गेले चर्चच्या अंगणात, सगळ्यांच्या शेवटी. फोन हात लांब करून धरला, एकदाच दाबलं. तुझ्यासारखं टकटक नाही. काय उत्तर आलं, माहितीये? 'जागा नाही. घरी जा.' आले घरी. वल्हं माळ्यावर टाकलं. मी म्हटलं, 'पोराला विचारा तरी!' तर म्हणाले, 'त्यानेच लिहिलंय. विचारायचं काय?'"

मी तिथेच खाली बसलो. सालांच्या ढिगाऱ्यात. दुसऱ्या कुणाकुणाच्या फोनवर ती ओळ गेली असेल, त्यांनी मनातल्या मनात मला चार शिव्या घातल्या असतील, गोष्ट संपली असेल. पण ज्या एका माणसाने वाचायला नको होती त्यानेच वाचली, आणि लिहिल्याबरहुकूम केलंसुद्धा! मला रडू आलं हो. चौतिसाव्या वर्षी, आईसमोर, टॅपिओकाच्या सालांत. आणि अम्मच्ची? डोळे पुसायचं सोडून म्हणते कशी, "ती ओळ लिहिण्याआधी दोन सेकंद थांबायला काय झालं होतं?"

गेलो बांधावर. अप्पच्चन बदकांमागे काठी घेऊन उभे. मी सगळं सांगितलं. वक्कच्चनला नावेत अकरा वेळा कसं कोंबलं, टॉवर कसा कलता आहे, ओळ गमतीची होती, तुमच्यासाठी नव्हती, आशानना वाटतं तुम्हाला यायचं नाही, तुम्हाला वाटतं मला तुम्ही नको... सगळं एका दमात. मग विचारलं, "अप्पच्चा, शनिवारी शर्यत आहे. येणार ना?"

गप्प. बदकं क्वॅक क्वॅक, अप्पच्चन गप्प. सवयीप्रमाणे मी मागे वळलो. म्हटलं, नाही म्हणताहेत. दोन पावलं टाकली... आणि थांबलो. म्हटलं, अरे गाढवा! परत फिरलो आणि चिखलात बसलो. बसलो तो बसलोच. बदकं मोजली. दोनशे बारा भरली. परत मोजली, दोनशे नऊ. एक मुंगळा पँटमध्ये शिरला तरी उठलो नाही. आणि मग केव्हातरी अप्पच्चन म्हणाले, "आधी यंत्रात विचार."

मी त्यांचा फोन धरला. त्यांनी एकदाच दाबलं. चाक फिरायला लागलं. "थांबा, बघतोय." फिरतंय आपलं. मी सगळ्या संतांची नावं घेतली. यादीत एक जागा रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, तरी घेतली! आणि उत्तर आलं, "या. जागा आहे. तुमचीच वाट बघत होतो." अप्पच्चननी हात लांब करून दोनदा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"हं." मग काठी माझ्या हातात दिली. "वल्हं माळ्यावर आहे. काढ."

आता इथे गोष्ट संपायला हवी की नाही? संपायला हवी! मलाही तसंच वाटलं. वल्हं काढलं, पुसलं, छोट्या होडीत बसून दोघं धक्क्याकडे निघालो. तिकडे चौऱ्याऐंशी माणसं नावेत बसलेली, वल्ही उभी, आशान हात हलवताहेत. मी खूश. आणि कालव्याच्या मधोमध, तुम्हाला सांगतो, अप्पच्चन बोलायला लागले. चार-पाच दिवसांचा कोटा एका दमात! म्हणाले, "तुला कोचीची नोकरी लागली, त्या दिवशी मी विचारलं होतं, जायलाच हवं का? तू तोंड उघडायच्या आत मीच तुझी बॅग बोटीत ठेवली. वाटलं, जाणारच हा. अकरा वर्षं झाली. तू काय सांगणार होतास?"

अहो, हा काय प्रश्न झाला? भर कालव्यात? सरावाच्या वेळेला? मला म्हणायचं होतं ते मी विसरलो होतो... नाही, खोटं कशाला बोलू? विसरलो नव्हतो. एक दिवस विसरलो नव्हतो. पण आता कोचीत फ्लॅट आहे, मुलगी तिथल्या शाळेत जाते, आता ते उत्तर बाहेर काढून ठेवायचं कुठे? मी काय केलं असेल? खिशातून फोन काढला, वर आभाळाकडे धरला आणि म्हटलं, "अप्पच्चा, इथे रेंज नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वल्हं उचललं, मांडीवर आडवं ठेवलं. होडी जागच्या जागी उभी.

"असू दे," म्हणाले. "मी थांबतो."

तिकडे आशान ओरडताहेत, "अरे चाक्को, ये की लवकर!" वक्कच्चन शिट्ट्या मारतोय, चौऱ्याऐंशी माणसं खोळंबलीत, आणि हा माणूस, ज्याने आयुष्यात कधी उत्तराची वाट बघितली नाही, तो नेमका आज माझ्याचकडून शिकून शांत बसलाय... तुम्हाला सांगतो, लोक खुशाल म्हणतात हो, दोन सेकंद थांबायला काय झालं होतं! एकदा कुणी खरोखर थांबलं ना, की ते दोन सेकंद काही केल्या संपत नाहीत.