पक्कं बायंडिंग

जुन्या रहस्यकथांची मुखपृष्ठं काय भारी असायची, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका. डोकं फिरतं माझं. का, ते ऐका.

आमच्या गल्लीतल्या रहीमचाचांनी तरुणपणी तसली मुखपृष्ठं ढिगानं रंगवली. पिस्तूल, हिरवा चेहरा, खिडकीत किंचाळणारी बाई. घरात आता एकही उरलेलं नाही. परवा म्हणाले, "एकदा बघायचं होतं रे, तवा आपला हात कसा चालायचा ते."

मी म्हटलं, "चला की चाचा, वाचनालयात सगळी पुस्तकं हायत."

ग्रंथपालांनी मोठ्या अभिमानानं कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत एकसारखे तपकिरी पुठ्ठे. चाचांनी एक पुस्तक उघडलं, मग दुसरं उघडलं. आत थेट पहिलं प्रकरण.

"वरची चित्रं कुटं गेली?" मी विचारलं.

"बायंडिंग करताना फाडून टाकतो की आपण. ती टिकत न्हाईत. आता बघा, पुस्तकाला पन्नास वर्षं काय होत न्हाय."

चाचांनी पुस्तक जागेवर ठेवलं. मला राहवलं नाही. "साहेब, ती चित्रं ह्यांनी काढलेली."

"असं? पेंटर का तुमी?" ग्रंथपाल खूश झाले. "मग एक काम करा की. 'पुस्तकाची पानं फाडू नयेत' अशी पाटी रंगवून द्या. लोकांना लई वाईट सवय हाय."

चाचा म्हणाले, "पत्र्यावर रंगवून देतो साहेब. म्हंजे तुमच्यानं फाटायची न्हाय."