पाठची

कोल्हापूरच्या स्टँडवर कोडोलीच्या गाडीची वाट बघत कालिंदीबाई बाकड्यावर टेकल्या होत्या. मागच्या बाकड्यावर एक बाप आणि त्याची लेक येऊन बसली. बापाचा आवाज काही दबत नव्हता.

"स्नेहल, सीईटीला नव्वदच्या वर पडलं तरच एमबीए, असा शब्द ठरलता. व्हय का न्हाय?"

"व्हय. एक्क्याण्णव पडलं की, अप्पा."

"आनि मी गावभर पेढं वाटलं. आता क्लासचं सर म्हनत्यात, दोनशेत एकशे चार हायत. निम्मं! बापाला फशिवलंस."

"फसवलं न्हाय. ते टक्के न्हाईत, पर्सेंटाईल हाय. शंभरातली एक्क्याण्णव पोरं माझ्या मागं हायत, म्हणून एक्क्याण्णव."

"मागची पोरं कशाला मोजायची? मार्क किती, ते बोल."

"पेपरच अवघड होता. सगळ्यांनाच कमी पडलं."

"सगळ्यांचं मला काय करायचंय? ऐतवारी पावणं बघाय येत्यात. गप व्हय म्हणायचं."

"अप्पा, एक्क्याण्णव जण मागं हायत हो माझ्या!"

"आनि तुझी पाठची? राजनंदिनी? तिला कुठल्या टक्क्यात धरू? तू उजवल्याबिगार तिचं कसं जमायचं?"



"मग तिला शाळंतनंच काढा, अप्पा. म्हंजी पुन्ना असलं मोजायचं कामच न्हाय."

"व्हय," बाप पहिल्यांदाच हळू बोलला. "कालच तिचा दाखला काढून आणलाय."