रेघ फोटोची की माणसाची?

जय भीम. बसा, बसा सगळे. मोबाईल बंद ठेवा म्हणून आत्ताच सांगितलं, तेवढ्यात विसरलात. असू दे. अर्ध्या जणी चष्मे घरी विसरून आल्यात, तेही दिसतंय मला. आमच्या सुधाकरच्या घरी फोटोंच्या पिशव्या टाकून गेलात, त्या तर वर्षानुवर्षं विसरलात. आणि गेल्या आठवड्यात तो गेला, राख थंड व्हायच्या आत दोघीजणी दारात हजर. "आमची पिशवी होती हो." बरी आठवण आली गं बायांनो! नावं घेत नाही मी. पुढच्याच ओळीत बसल्यात.

हसा, हसा. त्याला चाललं असतं. मलाच बोलायला जड जातंय. मी त्याची मावशी. माझ्या थोरल्या बहिणीचा हा पोरगा. ज्याला कडेवर घेऊन फिरले, त्याच्या फोटोला आज हार घातला. हे उलटं झालं, लोकहो. मला अक्षर येत नाही, म्हणून हातात कागद नाही. आठवेल तसं बोलते.

उल्हासनगरला सिंधी शेठच्या स्टुडिओत लागला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. शेठ त्याला "साईं", म्हणजे मालक, म्हणायचा, हा शेठला "साईं" म्हणायचा. दोघांत मालक कोण तेच कळायचं नाही. आपल्या वस्तीत लग्न असो, बारसं असो, सुधाकर गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे. जयंतीच्या मिरवणुकीत तर नाचणाऱ्यांच्या पुढे उलटा चालायचा. एकदा गटारात गेला कमरेपर्यंत. कॅमेरा मात्र वर. मला म्हणायचा, "मावशी, हस." मी म्हणायची, "दात कुठायत रे?" "मग ओठ मिटून हस, पण हस."

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. स्टुडिओ बंद झाला. सुधाकर इथं अंबरनाथला घरी आला, आणि गप्प बसेल तर तो सुधाकर कसला? दोन मशिनी आणल्या. म्हणाला, सगळ्या वस्तीचे जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवतो. कागदाला कसर लागते, ओल लागते. आत एकदा उतरला की राहिला. एका मशीनच्या काचेवर फोटो पालथा घालायचा, जुन्या मऊ पडलेल्या फोटोंसाठी ती. दुसरीत उसाच्या चरकात ऊस घालतात तसा इकडून फोटो घातला की तिकडून बाहेर.

तुम्ही हसलात त्याला. मग हळूच पिशव्या यायला लागल्या. शहाडहून आल्या, बदलापूर गावातून आल्या. ट्रंकेतले, बिस्किटाच्या डब्यातले, गादीखालचे फोटो.

आणि ते द्यायची आपली रीत काय? गेलेल्या माणसाचा फोटो दुसऱ्याच्या हातात तसाच कसा द्यायचा? आधी पदराने पुसायचा. सुधाकर लांबूनच ओरडायचा, "पदर खाली! मावशी, पदर खाली!" पोलीस चोराला हात वर करायला सांगतात ना, तसा. कारण धूळ पदरात येत नाही, फोटोवर घासली जाते. आपण माया करतो आणि ओरखडा उठतो. शांताबाईंनी तर सासूचा फोटो साबणाने धुऊन आणला होता! शांताबाई, जिवंतपणी कधी सासूची पाठ चोळली होती का? बघा, मान हलवतायत. सुधाकर त्यांना एक शब्द बोलला नाही. फोटो सावलीत वाळवला आणि त्या उठलेल्या पापुद्र्यातून सासूबाईंचे डोळे परत आणले.

एकदा काय झालं, बारशाच्या फोटोत पांढरी रेघ, वरून खालपर्यंत. लग्नाच्या फोटोत रेघ. मिरवणुकीत रेघ. हा बसला एकेक पुसत. पाठ धरली, डोळे लाल. शेवटी त्याची मुलगी मीनल, ही इथं बसली आहे ती, म्हणाली, "बाबा, सगळ्यांच्या घरचा ओरखडा एकाच जागी कसा असेल? रेघ फोटोत नाही. आपल्या त्या चरकाच्या मशीनच्या आतल्या काचेवर कण आहे." उघडून बघितलं, तर खरंच. आपल्याच कोणाच्या पिशवीतला बारीक खडा. काच मऊ फडक्याने पुसली आणि ते सगळे फोटो पुन्हा घातले. त्या दिवसापासून बाप-लेक जोडीने बसायला लागले.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक बटण आहे. दाबलं की ओरखडे, डाग, धूळ सगळं आपोआप साफ. सुधाकर खूश झाला. एवढे ढीगभर फोटो, हाताने कधी व्हायचे? दाबलं बटण. मला बोलावलं. "मावशी, बघ, नवे करकरीत!" मी बघितलं. म्हटलं, "ही कोण रे?"

"कोण म्हणजे? आजी."

"ही आपली आजी नाही. ही कोणीतरी पावडर लावलेली बाई बसवलीस तू लुगडं नेसवून."

माझी आई ती. तिच्या कपाळावर गोंदण होतं, हनुवटीवर ठिपके होते. मशीनला वाटलं धूळ आहे. साफ करून टाकलं. सुधाकरने कागदाचा फोटो शेजारी धरला आणि त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "मावशी, तिच्या मांडीवर झोपून त्या ठिपक्यांवर बोट फिरवायचो मी. आणि मलाच दिसलं नाही?"

मग सगळे फोटो त्याने परत पहिल्यासारखे केले. बटणाला हात लावला नाही. पुढे प्रत्येक रेघ हाताने, आणि पुसायच्या आधी विचारायचं. तुम्हा सगळ्यांना त्याचे फोन आलेत. आलेत की नाही? भाजी चिरताना, टीव्ही बघताना. "काकू, ही रेघ फोटोची की माणसाची?" तुम्ही वैतागायचात. मीही वैतागायची.

मलाही आला होता फोन. एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवर उभे असलेल्या आमच्या यांचा फोटो. "मावशी, काकांच्या भुवईवर रेघ आहे, आणि गालावर एक. कुठली ठेवू?" म्हटलं, भुवईवरची आमची आहे. कामावर पत्रा लागला होता, मी हळद दाबली होती तिच्यावर. गालावरची ट्रंकेची आहे, ती काढ. त्याने तेवढीच काढली. आता तो फोटो बघते तेव्हा वाटतं, आत्ता डबा घेऊन निघतील, आणि भुवई आकसून विचारतील, आज पण दोडकाच का?

पिशव्या अजून अर्ध्याच झाल्यात. काल मीनल मला म्हणाली, "मावशीआजी, मी सगळ्यांच्या परत करते. मशीन येतं मला, माणसं ओळखता येत नाहीत. बाबा होते तेव्हा त्यांना विचारायची. माझ्या हातून एखाद्याची खूण पुसली गेली तर?" पोर रडली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडली, आणि रडली ती तुमच्या-आमच्या म्हाताऱ्यांच्या फोटोंसाठी.

तर माझं ऐका. पिशव्या परत मागू नका. नेऊन काय करणार? पुन्हा गादीखालीच ना? त्यापेक्षा तुम्ही या. एकेक घर एकेक दिवशी या, तिच्या शेजारी खुर्चीवर बसा, आणि बोट दाखवून सांगा. हा देवीचा व्रण. हा भाजलेला डाग. हा नुसता ओरखडा, काढ. हे सांगणारे आपणच उरलोय, आणि आपण किती विसरतो ते मघाशी बघितलंत. आपण गेलो की पुढचा कोणी ते बटण दाबेल, आणि आपल्या माणसांची तोंडं साफ होऊन जातील. कोणाचीच कोणी नसल्यासारखी. चालेल तुम्हाला? मला नाही चालणार.

मीनल, वर बघ. उद्या पहिली मी येते. तुझ्या आजीच्या माहेरची पिशवी काढून ठेव. पदर खोचून बसेन.

सुधाकर, बाळा, तू आम्हाला सगळ्यांना नीट बघितलंस. एवढं नीट आम्ही एकमेकांना बघितलं नव्हतं. तुला मावशीचा शेवटचा जय भीम.

आता उभे राहा. जमत नसेल त्यांनी बसून. डोळे मिटा, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

…

झालं. बसा. आणि जाता जाता एक. त्या घरात सध्या चूल पेटत नाही, तुम्ही डबे पाठवता, उपकार आहेत. पण तेलाची तर्री, भजी, पापड नको. तेलकट बोट फोटोवर उमटलं की निघत नाही. मुगाची मऊ खिचडी पाठवा, वरून तूप घालू नका, आणि डब्यात चमचा टाका.