घराकडे तोंड केलेला शिक्का

तिथून उलटाच दिसणार तुम्हाला – कितीही माना वाकड्या करा. फाटकातून आत या, माझ्या पायरीपाशी उभे राहा. हां. आता वाचा – अमारो सिल्व्हेरा, ओकलंड, १९५६. बाकीच्या ठेकेदारांनी ओल्या सिमेंटात मारलेले नावाचे शिक्के फुटपाथवरून चालणाऱ्यांसाठी, हा एकटा माझ्या दाराकडे बघतोय. नवरा माझा. तेव्हा नव्हता – तेव्हा नुसता सिमेंटवाला, दारापुढचा फुटपाथ करायला वडिलांनी बोलावलेला. रस्त्याकडून थापी मारत मारत मागं सरकला आणि अडकला की आमच्याच अंगणात – पुढं सगळं ओलं. मग शिक्का आतूनच मारला. सिमेंट धरेपर्यंत बसला इथं, आईचा गोड पाव खात. वडील म्हणाले, ओदिलिया, हा स्वतःलाच कोंडून घेणारा गवंडी, याला जपून वाढ गं. – हसताय? आम्हीही हसलो.

काढा, फोटो काढा. शिक्क्याच्या लादीची ती कड वर आलीय ना – झाडाच्या मुळानं. तिथंच वॉकरचं चाक अडकलं. ईस्टरला पडले, तेव्हापासून फाटकाबाहेर पाय नाही. माझी लेक, लुर्देस, पालिकेच्या मागं लागली. आले, पांढरी फुली मारून गेले – इथं फोडायचं म्हणून. – कुठाय फुली? घासली मी. लांब दांड्याच्या ब्रशनं, फाटकात उभी राहून. पुन्हा मारली, पुन्हा घासली. लुर्देसला वाटतं, पावसानं जाते.

– नाही हो, प्रेमबिम कसलं. म्हणजे – असेल. अमारो म्हणायचा, माझं नाव ओलांडल्याशिवाय तुला बाहेर पडता येत नाही. गमतीनं म्हणायचा. बाजार तो आणायचा, चर्चला तो न्यायचा. मला पावाच्या कारखान्यात काम लागलं होतं – ॲप्रनसुद्धा दिला होता त्यांनी – तर त्या सकाळी या फाटकात येऊन उभा राहिला. नुसता उभा. ॲप्रन लुर्देसनं पुढं बाहुलीला नेसवला. आता तो जाऊनही किती वर्षं झाली, तरी मी कडेकडेनंच जायचे, अक्षरांवर पाय नको म्हणून – आणि त्या कडेलाच पडले बघा. आता ही लादी फोडली, नवी गुळगुळीत केली, तर मग मी काय सांगू – का जात नाही म्हणून?

– काय? हात धरून नेता? कोपऱ्यापर्यंतच? ... नको. गुडघा – नाही, गुडघा आज बरा आहे. नको म्हटलं ना. झाला तुमचा फोटो? निघा मग. आणि जाताना फाटक लावून घ्या – खिट्टी बाहेरून आहे.