पोस्टरवर सिद्धूआबाचं नाव

...आन् वर मलाच विचारतो, "मामा, नाव पाहिजे व्हतं ना? मग आलं की." आलं बाबा, आलं! कसं आलं ते ऐका, मग हसा.

आमच्या म्हाळसाआक्काचा नागेश. लोणी भापकरात लग्नाची शूटिंग करायचा, अक्षता पडायच्या टायमाला नवरानवरी सोडून मांडवातला पंखा काढायचा. तितनं गेला मुंबईला आन् एका स्टुडिओत साहेब झाला. काम काय? तर लोकांच्या गोष्टी ऐकायच्या आन् 'न्हाय जमणार' म्हणायचं. ह्याला एसी केबिन! आमची मंडळी कुशाबाई चाळीस वर्षं तेच करतीय, पंखासुदीक न्हाय. मग त्यानं काढलेला पयला पिक्चर पडला, तर बढती. दुसरा पडला, तर गाडी. आमच्याकडं कोंबड्यांची एक बॅच मेली तर शेडला कुलूप लागतं, तितं पिक्चर मेला की माणूस वर चढतो. मोठा माणूस हाय त्यो, आपण काय बोलायचं!

तिसऱ्या पिक्चरला प्रोड्यूसर व्हऊन गावातच आला. मला म्हातारा केला. म्हंजी म्हातारा मी हायच, पण पयल्याच सीनला मरणारा. म्हणलं मरतो, पण पोस्टरवर नाव पाहिजे. सत्तर वर्षांत माझं नाव कुठं छापलं न्हाय, भावकीच्या लग्नपत्रिकेत सुदीक मी 'समस्त' मदीच. तर म्हणतो, जागा न्हाय. त्याच्या मेव्हण्याचं नाव कोंबायला जागा व्हती बरं का!

मी गप मेलो. पुढं दहाव्याचा सीन. कालव्यावर पिंड मांडला, कॅमेरा लावला, आन् कावळा काय शिवंना! धा वाजले, बारा वाजले... तुमाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका, तांबडं फुटायला मीच समद्या कावळ्यांना किलोभर फरसाण चारलं व्हतं. शेव खाल्लेला कावळा भाताकडं कशाला बघतोय?

आता कावळा शिवंना म्हणल्यावर आपण काय करतो? मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून हात जोडून शब्द देतो. पिक्चरातला पोरगा म्हणाला, शेत इकणार न्हाय. न्हाय शिवला. सून म्हणाली, भांडणार न्हाय. त्यावर तर कावळा उडूनच गेला. शेवटी लाईटवाला आफताब हळूच बोलला, "नागेशभाऊ, पिक्चरातल्या म्हाताऱ्याचं ऱ्हाऊ द्या. ह्या म्हाताऱ्याचं काय राहिलंय का बघा."

मी खुर्चीत, जित्ता, चहा पीत! तरी मुंबईचा साहेब बूट काढून पिंडापुढं उभा राहिला, हात जोडले, "मामा, पोस्टरवर तुमचं नाव टाकतो." आन् कावळा... फरसाण जिरलं आसंल, झपकन आला. नागेशच्या डोळ्यांत पाणी. मोठा माणूस हाय त्यो, आपण काय बोलायचं!

पोस्टर लागलं की बारामतीत, स्टँडबाहेर. वीतभर अक्षरात. 'कै. सिद्धू भिवा कोकरे'.

कै.! फोन केला, तर म्हणतो, "मामा, हापिसात मी एवढंच सांगितलं, मामाच्या दहाव्याला शब्द दिलाय. त्यांनी रीतीनं छापलं." लोणी देवकरच्या कंपनीतनं माझा मेव्हणा अर्धी सुट्टी काढून, दुखवट्याची टोपी घेऊन, रडत आला. मला भाकरी खाताना बघून नाराज झाला वो! सुट्टी वाया गेली म्हणला.

पिक्चर चार दिवसांत उतरला. नागेशला बढती मिळाली. पोस्टर तेवढं हाय अजून... म्हणलं त्यो 'कै.' तरी खोडून दे, तर साहेब मीटिंगमदी. मोठा माणूस हाय त्यो. आन् मेल्या माणसानं काय बोलायचं?